समुद्रांतील तेल आणि धोक्याचें गणित

समुद्राच्या तळाखालून खनिज तेल व वायु वर काढण्याचा उद्योग मनुष्यानें मोठ्या धाडसानें उभारला. परंतु या उद्योगांतील धोका आधीं कसा ओळखावा, ही विद्या त्याला फार मोठी किंमत देऊन शिकावी लागली. त्या विद्येचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

प्रथम या कामाचें स्वरूप ध्यानांत घ्यावें. भर समुद्रांत पोलादी खांबांवर प्लॅटफॉर्म उभा असतो. विहिरींचीं तोंडें, तेल व वायु वेगळे करणारीं यंत्रें, पंप आणि कामगारांचीं निवासदालनें हें सर्व तेथें दाटीवाटीनें रचलेलें असतें. जमिनीवरील कारखान्यांत आग लागली तर माणूस फाटकाबाहेर धांवतो. येथें फाटकाबाहेर समुद्र असतो.

नॉर्वेच्या हद्दींत, उत्तर समुद्रांत, २७ मार्च १९८० रोजीं ‘अलेक्झांडर कीलँड’ हा पांच पायांचा तरंगता प्लॅटफॉर्म वादळांत उलटला. त्यावरील २१२ माणसांपैकीं १२३ दगावलीं. ध्वनि टिपणारें एक लहान उपकरण बसविण्याकरितां एका जोडनळीवर आधार वेल्ड केलेला होता. त्या ६ मिलिमीटरच्या सांध्याशीं तडा सुरू झाला, लाटांच्या रोजच्या ताणानें वाढत गेला, नळी तुटली आणि एक पायच निखळला. उपकरण क्षुल्लक, म्हणून त्याचा सांधाहि क्षुल्लक मानला गेला होता.

याहून भयंकर प्रकार ६ जुलै १९८८ च्या रात्रीं, स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनच्या ईशान्येस सुमारें १९० किलोमीटरवर, ‘पायपर आल्फा’ प्लॅटफॉर्मवर घडला. वायूपासून निघणारें द्रव तेल पुढें ढकलण्यास तेथें दोन पंप होते. एकाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसपाळीनें तपासणीसाठीं काढून तेथें नुसती चकती बसविली होती. रात्रीं पावणेदहाच्या सुमारास दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीला पहिल्या पंपाच्या दुरुस्तीचा परवाना ठाऊक होता; व्हॉल्व्ह काढल्याचा परवाना ठाऊक नव्हता. पंप चालू होतांच चकतीपाशीं वायु सुटला आणि दहाच्या सुमारास स्फोट झाला.

आग विझविणारे पंप होते. पण पाणबुडे समुद्रांत उतरले असतां ते पंपाकडे खेंचले जाऊं नयेत, म्हणून ते पंप हातानेंच चालू करावयाचे अशी तेथें रीत होती. स्फोटानंतर त्यांच्यापर्यंत कोणी पोंचूं शकलें नाहीं. मधल्या भिंती आगीस तोंड देण्याजोग्या होत्या, स्फोटास नव्हत्या. कारण प्लॅटफॉर्म मुळांत तेलाकरितां बांधलेला, वायूचें काम त्यावर मागाहून आलें. वाहिन्यांनीं जोडलेल्या शेजारच्या प्लॅटफॉर्मांचें काम लगेच थांबलें नाहीं, आणि सुमारें वीस मिनिटांनीं त्यांपैकीं एकाकडून येणारी मोठी वायुवाहिनी फुटली. हेलिकॉप्टरची वाट पाहत निवासदालनांत थांबलेलीं पुष्कळ माणसें धुरानें गुदमरलीं. २२६ पैकीं १६५ माणसें गेलीं. सोडवावयास आलेले दोघेहि गेले.

यांतील बहुतेक गोष्टींना, त्या सुट्या पाहिल्या तर, कांहीं ना कांहीं सबळ कारण होतें. पाणबुड्यांचा जीव जपणें हें गैर कसें म्हणावें? परंतु एका ठिकाणची खबरदारी दुसऱ्या ठिकाणीं काय करील, हें एकत्र मांडून पाहण्याचें राहून गेलें.

न्यायमूर्ति लॉर्ड कलन यांनीं चौकशी करून नोव्हेंबर १९९० मध्यें अहवाल दिला. त्यांत १०६ शिफारशी होत्या. नियमांतील बाब न् बाब तपासून सरकारनें शिक्का मारावा, एवढ्यानें भागत नाहीं, असें त्यांनीं दाखविलें. जो धोका निर्माण करतो त्यानेंच ‘सेफ्टी केस’, म्हणजे सुरक्षेची कैफियत, सादर करावी: येथें काय काय बिघडूं शकतें, तें कितपत संभवतें, त्यानें किती हानि होईल, आणि तो धोका वाजवी प्रयत्नांनीं शक्य तितका कमी केला आहे याचा पुरावा काय. १९९२ सालीं ब्रिटननें याचा कायदा केला. नॉर्वेनें १९८१ पासूनच नव्या प्लॅटफॉर्मच्या आराखड्यासाठीं संभवाचें गणित मागावयास आरंभ केला होता.

या गणितांत एक खोंच आहे. अपघाताचा संभव शंभरांत एक, आणि तो रोखणारें साधन निकामी असण्याचा संभवहि शंभरांत एक, तर दोन्ही एकदम घडण्याचा संभव दहा हजारांत एक, असा गुणाकार आम्ही वर्गांत शिकवीत असूं. पण दोन्ही गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच तो खरा. पायपर आल्फावर ज्या स्फोटानें आग लावली त्यानेंच नियंत्रणकक्षहि उद्ध्वस्त केला. तेथें गुणाकार कोठला?

आपल्या किनाऱ्यालाहि हा धडा मिळाला. २६ जुलै २००५ चा महापूर मुंबईकर विसरणार नाहींत. दुसऱ्याच दिवशीं मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटरवर, मुंबई हाय तेलक्षेत्रांत, ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरील आचाऱ्याचीं बोटें कापलीं गेलीं. हवामानामुळें हेलिकॉप्टर मिळेना. त्याला क्रेनच्या पाळण्यांतून वर घेण्यासाठीं जहाज प्लॅटफॉर्मजवळ आणलें. तें लाटेंत उसळून वायूच्या उभ्या वाहिनीवर आदळलें. सुमारें दोन तासांत प्लॅटफॉर्म नष्ट झाला. ३८४ माणसांपैकीं २२ प्राणांस मुकलीं. हेतु दयेचा होता; जहाजाची वाट आणि वायूची वाट मात्र एकाच बाजूस आली होती. पुढें २००८ सालीं भारत सरकारनें समुद्रांतील तेलकामाच्या सुरक्षेचे स्वतंत्र नियम केले.

श्रोतेहो, आज रात्रींहि कोणत्या तरी प्लॅटफॉर्मवर एक पाळी दुसऱ्या पाळीच्या हातीं काम सोंपवील. काय उघडें राहिलें आहे हें एकानें सांगितलें व दुसऱ्यानें नीट ऐकलें, तरच कैफियतींतील आंकड्यांना अर्थ आहे.