सारंगीची तात, ओठातला टाका

ओठ आतून फाटला की डॉक्टर तिथे शक्यतो विरघळणारा धागा वापरतात. तोंडातली श्लेष्मल त्वचा नाजूक, सदा ओली, आणि सुजलेल्या जागी टाके काढायचे म्हणजे रुग्णाला दुसरी शिक्षा. तिथली जखम भरतेही लवकर, त्यामुळे धाग्याने आठवडा-दीड आठवडा तग धरला तरी भागतं. या कामातला जुना मानकरी कॅटगट. त्याचं कूळ मात्र दवाखान्यात नाही, तंतुवाद्यं घडवणाऱ्यांच्या घरात सापडतं.

कॅटगट मांजराचं नसतं. मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्यापासून ते बनतं. आपल्या सारंगीची आणि पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात याच जातीची. मग नावात मांजर शिरलं कसं? एक मत असं की हा 'कॅटल-गट'चा संक्षेप. दुसरं मत 'किट'कडे बोट दाखवतं. किट म्हणजे नृत्यशिक्षक खिशात बाळगत ते छोटं व्हायोलिन, आणि मांजराचं पिल्लूसुद्धा. मेंढी 'कॅटल' कशी, असं विचारलं तर पहिल्या मताचे लोक म्हणतील, जुन्या इंग्रजीत 'कॅटल'मध्ये मेंढ्याही येत. मुद्दा रास्त आहे. तरीही कौल किटलाच द्यावासा वाटतो, कारण तारेला तिच्या वाद्याचं नाव चिकटणं जास्त स्वाभाविक.

वैद्यांनी ही उसनवारी फार पूर्वी केली. दुसऱ्या शतकातल्या गॅलेनला आतड्याचा धागा ठाऊक होता. हजार वर्षांपूर्वी कॉर्डोबाच्या अल-झहरावीने तर कृतीच लिहून ठेवली: जनावराच्या आतड्याचा खरवडलेला बारीक तंतू घ्यायचा, तो तागाच्या पिळदार दोऱ्याला जोडायचा, सुईत ओवायचा आणि फाटलेलं आतडं शिवायचं. माकडाने वाद्याची तार गिळली म्हणून अल-झहरावीला ही युक्ती सुचली, ही गोष्ट मागाहून रचलेली दिसते. त्याच्याही आधी सुश्रुतसंहितेत आतड्याच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चाववून जोडायला सांगितलं होतं. धड तोडायचं, डोकं तिथेच राहू द्यायचं. शरीरात आपोआप नाहीसा होणारा टाका हवा, ही गरज इतकी जुनी!

शल्यवैद्य जोसेफ लिस्टरने 1868 च्या अखेरीस जंतुनाशक कार्बोलिक आम्लात मुरवलेलं कॅटगट एका वासराच्या मानेतल्या धमनीला बांधून पाहिलं. पुढे क्रोमियमच्या क्षारांनी जास्त टिकाऊ केलेलं क्रोमिक कॅटगट आलं, 1970 च्या दशकात व्हिक्रिलसारखे कृत्रिम धागे आले. गुरांच्या 'मॅड काऊ' रोगाच्या धास्तीने युरोपात कॅटगट 2001 च्या सुमारास मागे पडलं. कॅटगट शरीरातली विकरं पचवतात, व्हिक्रिल पाण्याने विघटित होतं. शिवाय कॅटगटची ताठर टोकं जिभेला टोचतात, व्हिक्रिलचा विणलेला धागा मऊ राहतो. तोंडासाठी लवकर विरघळणारं व्हिक्रिल सरस ठरतं ते यामुळे.

ओठाला टाके पडलेच तर धागा कोणता आणि तो कधी गळेल, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. मग सैल झालेलं टोक ओढायचा मोह होणार नाही.