मानेवरचा मेणाचा थेंब

लोंढ्याच्या रानात पहाटे आरवणारा कोंबडा गावठी कोंबड्यासारखा सूर लांबवत नाही. चार-पाच तुटक ठेके घेतो आणि एकदम गप्प होतो. खानापूर तालुक्यातल्या जंगलकाठच्या गावांना हा आवाज ओळखीचा. पक्षी मात्र बांबूच्या बेटाआड सुळकन जाताना दिसला तर दिसला. हा राखी रानकोंबडा. भारताबाहेर कुठल्याही रानात तो मिळत नाही. आणि तरीही स्कॉटलंड, नॉर्वे, अमेरिकेतल्या नद्यांकाठी, जिथे त्याला जिवंत पाहिलेला माणूस विरळा, तिथे त्याच्या मानेवरचं पीस लोक नावानिशी ओळखतात. ट्राउट आणि साल्मन पकडायला जी कृत्रिम माशी गळावर बांधतात, तिच्यावर ते लागतं.

पीस जवळून पाहावं असंच आहे. कडेने राखी, आत काळं, मधोमध पांढरा दांडा. टोकाकडे मात्र त्याचं पीसपण संपतं. तिथे दांडा चपटा होऊन पसरतो, बाजूचे तंतू त्यात मिसळून जातात आणि कडक, गुळगुळीत टिकली तयार होते. आधी एक पांढरट, मग टोकाला दुसरी पिवळी-केशरी. वितळलेल्या मेणाचा थेंब पडून तिथेच गोठावा तशी. पाण्यात भिजली तरी ही टिकली चकाकते आणि लहान माशाच्या डोळ्यासारखी दिसते. माशी बांधणारे तिला ‘डोळा’च म्हणतात.

फ्रेंच निसर्गअभ्यासक पिएर सोनरा याने १७८२ च्या आपल्या प्रवासग्रंथात या कोंबड्याचं वर्णन केलं. १८१३ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ टेमिंकने शास्त्रीय नावात सोनराचं नाव गोवलं. जगभरच्या पाळीव कोंबड्यांचा मूळ पुरुष हाच, असं सोनराला वाटलं होतं. पुढे डार्विनने तो मान तांबड्या रानकोंबड्याला दिला आणि तेच मत रुजलं. पण २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून एक गोष्ट पुढे आली: पाळीव कोंबड्यांची पिवळी कातडी आणि पिवळे पाय तांबड्या रानकोंबड्याकडून आलेले नाहीत, ते या राखी भावाकडून आले आहेत. सोनरा निदान पायापुरता तरी बरोबर होता!

इंग्रजांनी त्याला ‘जंगल कॉक’ म्हटलं. त्यातला ‘जंगल’ आपलाच. संस्कृतातला ‘जांगल’ म्हणजे मात्र कोरडा, विरळ झाडीचा मुलूख. आयुर्वेदात ‘जांगल’ देश पाणथळ ‘आनूप’ देशाच्या उलट सांगितला आहे. शब्द भाषांमधून फिरता फिरता दाट झाडीवर येऊन बसला आणि लोंढ्यासारख्या धो धो पावसाच्या रानातल्या पक्ष्याला जाऊन चिकटला.

माशीची कथा मात्र पक्ष्याच्या नावापेक्षा फार जुनी आहे. इसवी सन २०० च्या सुमारास ईलियन या रोमन लेखकाने मॅसेडोनियातल्या ॲस्ट्रेयस नदीवरची एक रीत लिहून ठेवली. तिथले ठिपकेदार मासे पाण्यावर येणाऱ्या एका माशीवर तुटून पडत. पण खरी माशी गळाला लावायची सोय नव्हती. माणसाचा हात लागला की तिचा रंग उडे, पंख कोमेजत. म्हणून कोळी गळाभोवती लाल लोकर गुंडाळत आणि कोंबड्याच्या चोचीखालच्या लोंबत्या मांसल झालरीखालची दोन पिसं बांधत. ईलियन त्या पिसांचा रंग सांगतो: मेणासारखा. ती पिसं साध्या पाळीव कोंबड्याची, आपल्या रानकोंबड्याशी त्यांचा संबंध नाही. तरी लोंढ्याचं ते पीस पाहिलेल्या माणसाला हा शब्द वाचताना थबकायला होतं.

एकोणिसाव्या शतकात साम्राज्याच्या जहाजांतून पिसं ब्रिटनला पोचू लागली आणि माशी नटू लागली. १८५० च्या सुमारास जॉन स्कॉटने बांधलेली ‘जॉक स्कॉट’ ही साल्मनची माशी म्हणजे पक्ष्यांचं संमेलनच: टूकनची छातीची पिसं, आणखी कितीतरी पक्ष्यांचे तुकडे, आणि दोन्ही बाजूंना रानकोंबड्याचा एकेक डोळा. जॉर्ज केल्सनच्या १८९५ च्या ‘द साल्मन फ्लाय’ या ग्रंथाने अशा माशांच्या कृती पक्क्या करून टाकल्या.

ट्राउटच्या बाजूला याच पिसाची एक गोष्ट अधिक जवळची आहे. अमेरिकेत मेन राज्यातल्या अपर डॅम इथे कॅरी स्टीव्हन्स राहायची. नवरा मासेमारीला येणाऱ्यांचा वाटाड्या, ती स्वतः बायकांच्या टोप्या बनवणारी. पिसांना तिचा हात सरावलेला. १९२० मध्ये तिथे मासेमारीला येणाऱ्या शँग व्हीलरने तिला लांब दांड्याचा गळ आणि हरणाच्या शेपटीचे केस दिले आणि माशी बांधून पाहायला सुचवलं. ती बांधू लागली, तीही गळ पकडून ठेवणारा शिकंजा न वापरता, नुसता बोटांत धरून. १ जुलै १९२४ ला तिने स्वतः बांधलेल्या माशीवर ६ पौंड १३ औंसांचा, म्हणजे तीन किलोहून जास्त वजनाचा ब्रूक ट्राउट काढला. ‘फील्ड अँड स्ट्रीम’ मासिकाच्या स्पर्धेत त्याला दुसरं बक्षीस मिळालं आणि तिच्या माशांना मागणी सुरू झाली. तिची ‘ग्रे घोस्ट’ ही माशी आजही बांधली जाते. राखी लांब पंख, आणि गालावर रानकोंबड्याचा डोळा. कुणीतरी दिलेल्या मूठभर सामानातून हे सगळं उभं राहिलं.

पण त्या गालावरच्या पिसाचा हिशोबही मांडायला हवा. १९०२ मध्येच भारतातून रानपक्ष्यांची पिसं आणि कातडी बाहेर पाठवायला बंदी झाली होती. अमेरिकेने १९१३ मध्ये, ब्रिटनने १९२१ मध्ये आयात रोखणारे कायदे केले. तरी पळवाटा राहिल्या. पुढे अमेरिकी जकातीच्या नियमांत माशा बांधण्यासाठी म्हणून दरवर्षी राखी रानकोंबड्याच्या ५,००० कातड्यांची मुभाच लिहिली गेली. एक कातडं म्हणजे एक नर. पाच हजार पहाटा मुक्या झाल्या तरी कागदावर ते कायदेशीर! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात या पक्ष्याला संरक्षण मिळालं, हे फार उशिरा आणि फार गरजेचं झालं.

आज प्रामाणिक बांधणारे वापरतात ती पिसं ब्रिटन-अमेरिकेत पिंजऱ्यात वाढवलेल्या रानकोंबड्यांची असतात. अख्ख्या मानेचं कातडं महाग पडतं आणि एकट्याला ते वर्षानुवर्षं पुरतं. माशीला लागतात दोनच पिसं, पण ती जोडीची हवीत: एक डावीकडे वळलेलं, एक उजवीकडे, टिकल्या सारख्याच लांबीच्या. म्हणून ज्याच्याकडे कातडं आहे तो चार-सहा जोड्या निवडून कागदी पाकिटात घालतो आणि सोबत्याला देतो. टिकली उभी चिरली असेल तर पीस टाकून देत नाहीत. चिरेवर वार्निशाचा बारीक थेंब सोडून दोन बोटांत दाबून धरतात. दुर्मीळ पिसांची हाव माणसाला कुठवर नेते तेही जगाने पाहिलं आहे: जून २००९ मध्ये इंग्लंडच्या ट्रिंग इथल्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली, साल्मनच्या माशांसाठीच. त्यासमोर ते सहा जोड्यांचं पाकीट फार मोलाचं वाटतं.

लोंढ्याच्या ओढ्यांत ट्राउट नाही. त्याला थंड पाणी लागतं. इंग्रजांनी तो काश्मीर, कुलू, निलगिरी, मुन्नारला नेऊन सोडला, सह्याद्रीच्या या भागातलं पाणी त्याला सोसणारं नाही. इथे आहे तो फक्त पिसाचा धनी. फेब्रुवारी ते मे हा त्याचा मुख्य विणीचा काळ, तेव्हा मानेवरचे थेंब सगळ्यात झळाळतात. पाऊस सुरू झाला की तो ती पिसं आपणहून गाळतो. जागी आखूड काळी पिसं येतात, आणि पावसाळाभर तो बिनझळाळीच्या मानेने कारवीच्या झुडपांखाली पाचोळा उकरत हिंडतो. पावसाळा सरता सरता मानेवर पुन्हा मेण चढू लागतं.