विहारयात्रा आणि धम्मयात्रा : प्राचीन लेण्यांतील प्रेक्षक व सहभागी

सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखात प्रवासाच्या दोन प्रकारांचा भेद स्पष्टपणे केलेला आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात. तीत मृगया व तत्सम करमणुकी असत. येथे ‘विहार’ या शब्दाचा अर्थ भिक्खूंचे निवासस्थान असा नसून मौजेखातर केलेला संचार असा आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीस, म्हणजे बोधगयेस गेला आणि तेथून धम्मयात्रेचा प्रारंभ झाला, असे हा लेख सांगतो. या धम्मयात्रेत काय घडत असे, त्याची यादीच त्यात दिलेली आहे : श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना धनसाहाय्य, जनपदातील लोकांची भेट, धम्माचा उपदेश आणि धम्माविषयी परिपृच्छा, म्हणजे प्रश्नोत्तरे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची गोष्ट ही, की याच आठव्या लेखाचा एक खंडित भाग १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे सापडला. प्राचीन काळी गजबजलेल्या या बंदरात उतरणाऱ्या प्रवाशांच्या दृष्टीस हा लेख पडत असला पाहिजे. प्रवास कसा करावा याचे मार्गदर्शन जेथे शिळेवर कोरले गेले होते, त्याच भूमीतील लेण्यांना आज असंख्य पर्यटक भेट देतात. त्यांचा हा प्रवास यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वारसास्थळे पर्यटकांसाठी अधिक सहभागात्मक व्हावीत, असा विचार अलीकडे सर्वत्र मांडला जातो. प्रकाशध्वनी-कार्यक्रम, प्रतिकृती, पडद्यावरील चित्रदर्शन असे अनेक उपाय सुचविले जातात. या उपायांना सरसकट नाकारण्याचे कारण नाही. तथापि बौद्ध लेण्यांच्या बाबतीत सहभाग ही नव्याने बाहेरून आणावयाची गोष्ट नाही, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. ही स्मारके मुळात सहभागातूनच निर्माण झालेली आहेत आणि याचा पुरावा त्यांच्या भिंतींवरच आहे.

कार्ल्याचे महाचैत्य घ्या. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने हे शैलगृह पूर्ण केल्याचा लेख तेथे आहे. परंतु ते एकट्या भूतपालाचे नाही. धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने द्वार घडविल्याची नोंद आहे. तेथीलच सिंहदत्त नावाच्या गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे दान आहे. अनेक स्तंभ यवनांनी दिलेले आहेत. कुडे येथे कऱ्हाडच्या महिक नावाच्या लोहव्यापाऱ्याने लेणे दिले आहे. जुन्नरला धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीचे दान आहे. सांचीच्या महास्तूपावर सहाशेहून अधिक दानलेख असून त्यांत भिक्खुणींची आणि उपासिकांची नावे मोठ्या संख्येने येतात. दक्षिण तोरणावरील एक शिल्पपट विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी कोरला आहे. सुतार, लोहार, माळी, विणकर अशा श्रमजीवी माणसांची नावे इतक्या प्राचीन काळी दगडावर सन्मानाने कोरली जावीत, ही या देशाच्या इतिहासातील असामान्य घटना होय.

आजचा पर्यटक मात्र या नावांसमोरून न थांबता निघून जातो, कारण ती वाचता येतात हेच त्याला कोणी सांगत नाही. नाशिकच्या लेण्यांत त्या डोंगराचे नाव ‘तिरण्हु’ असे कोरलेले आहे. पण लोकांच्या तोंडी ती ‘पांडवलेणी’च राहिली. भिंत एक सांगते आणि मार्गदर्शक दुसरेच सांगतो. इतिहास असा हळूहळू हातातून निसटतो. त्यासाठी कोणी दगड फोडण्याचीही गरज पडत नाही.

यावरचा उपाय या लेखांच्याच इतिहासात आहे. ब्राह्मी लिपी, जिला आज आपल्यातील अनेकजण धम्मलिपी म्हणतात, ती शतकानुशतके कोणालाही वाचता येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांच्यासमोर सांचीच्या कठड्यांवरील लहान लहान लेखांचे ठसे होते. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात, हे त्यांच्या लक्षात आले. हे दानाचे उल्लेख असावेत, असा तर्क करून त्यांनी तो शब्द ‘दानं’ असा वाचला आणि लिपीचे दार उघडले. सामान्य माणसांच्या छोट्या दानांनी एका विस्मृत लिपीची किल्ली पुरविली, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रिन्सेप यांनी जे केले ते आजचा दहा वर्षांचा विद्यार्थीही लेण्यात उभा राहून करू शकतो. सांचीत ‘दानं’ आणि महाराष्ट्रातील लेण्यांत ‘देयधम’, ‘लेण’, ‘पोढि’ हे मोजके शब्द ओळखता आले, तरी भिंत बोलू लागते. यांतील ‘लेण’ हा पालीतील ‘लेण’ म्हणजे आश्रयस्थान होय आणि तोच आपल्या मराठीत ‘लेणे’ म्हणून जिवंत आहे. आपल्या बोलीतील शब्द दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर स्वतः वाचल्यावर होणारा आनंद कोणत्याही प्रकाशध्वनी-कार्यक्रमाने मिळणारा नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील तरुण-तरुणी धम्मलिपीचे वर्ग चालवून सुट्टीच्या दिवशी लेण्यांत लेखवाचन घडवून आणतात, ही म्हणूनच अत्यंत समाधानाची बाब आहे. हीच खरी परिपृच्छा होय.

‘पोढि’ म्हणजे पाण्याचे टाके. कान्हेरीत अशी टाकी जागोजागी आहेत. नाणेघाटात सोपाऱ्याच्या गोविंददासाने पोढी दान दिल्याचा लेख आहे. घाट चढून येणाऱ्या तांड्यांना पाणी मिळावे, एवढाच त्यामागील हेतू दिसतो. या लेखाशेजारी आपल्या काळातील एक घटना ठेवून पाहावी. १९३४ साली बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले, तेव्हा पाणी बाटविल्याचा आरडाओरडा झाला. अखेर किल्ला पाहू देण्यात आला तो, आत कोठेही पाण्याला स्पर्श होऊ नये यासाठी सोबत सशस्त्र शिपाई देऊन. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. म्हणून वारसास्थळी कोण सहभागी होऊ शकतो, हा प्रश्न आपल्यासाठी केवळ पर्यटन-व्यवस्थेचा नाही. ज्यांच्या पूर्वजांनी हा वारसा घडविण्यात हात लावला, त्यांनाच तो पाहण्यासाठी पहाऱ्यात जावे लागले, हा आपला अनुभव आहे.

सहभागाला मर्यादाही असतात. २८ एप्रिल १८१९ रोजी अजिंठ्याला पोहोचलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील स्तंभावरील चित्रावर आपले नाव कोरले. त्याचे अनुकरण करणारे आजही भेटतात. कान्हेरीत १००९ व १०२१ साली आलेल्या पारशी प्रवाशांचे पहलवी लेख आहेत आणि ते आता इतिहासाचे साधन झाले आहेत, हे खरे; परंतु त्यांचा दाखला देऊन आज भिंतीवर रेघ ओढण्याचे समर्थन करता येणार नाही. १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्मारकावर असे करणे गुन्हा आहे, आणि दात्याचे नाव व उपद्रव्याचे नाव यांतील अंतर कायद्याशिवायही कळण्यासारखे आहे. अजिंठ्याची चित्रे तर माणसांच्या श्वासातील ओलाव्याने व प्रखर प्रकाशानेही क्षीण होतात. मूळ लेण्यात थोडा वेळ शांतपणे पाहावे आणि तपशिलाचा अभ्यास प्रतिकृतींवर व पडद्यावर करावा, हाच तेथे योग्य मार्ग होय. आधुनिक तंत्राचे स्थान येथे आहे : मूळ वस्तूला विश्रांती देण्यासाठी.

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी चार स्थाने दर्शनीय व संवेजनीय म्हणून सांगितली. पाहणे आणि पाहून चित्तात संवेग उत्पन्न होणे, या दोन्ही क्रिया तेथे एकत्र सांगितल्या आहेत. केवळ दर्शनीय राहिलेले स्थळ हे विहारयात्रेचे स्थळ होय.

या दृष्टीने काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. प्रत्येक लेखाखाली त्याचे देवनागरी लिप्यंतर व मराठी अर्थ देणारा फलक असावा आणि त्यात राजांइतकेच सुताराचे व माळ्याचे नाव ठळक असावे. प्रवेशद्वाराशी धम्मलिपीची वर्णमाला लावावी. दृष्टिहीनांसाठी अक्षरांचे व शिल्पांचे उठावदार नमुने हाताळण्यास ठेवावेत. पायथ्याच्या गावांतील मुलामुलींना लेखवाचनाचे शिक्षण देऊन मार्गदर्शक म्हणून नेमावे. अशोकाच्या यादीतील जनपदाची भेट ती हीच. शासनाने व पुरातत्त्व खात्याने हे करावे, अशी मागणी आपण अवश्य करावी. परंतु तोपर्यंत प्रत्येक विहाराने वर्षातून एक तरी लेणे निवडावे, जाण्यापूर्वी त्यातील लेखांचा अभ्यास करावा, तेथे लहानांकडून एक लेख वाचून घ्यावा आणि परतताना परिसर स्वच्छ करून यावे. दान देणाऱ्यांनी आपले काम दोन हजार वर्षांपूर्वी केले आहे. ते वाचण्याचे काम आपले आहे.