मुलकोवालचा चिमटा

वर्तमानपत्रात आरोग्याच्या बातम्या देत असताना माझ्या हातून एक चूक झाली. लस टोचल्यानंतर एक मूल दगावल्याची बातमी मी पहिल्या पानावर दिली. तीन महिन्यांनी चौकशीत मृत्यूचं कारण वेगळंच निघालं. ते आतल्या पानावर चार ओळींत छापून आलं. त्या ओळी फारशा कोणी वाचल्या नसाव्यात. ती टोचणी मला मुलकोवालपर्यंत घेऊन गेली.

मुलकोवाल पंजाबातलं, आज पाकिस्तानात असलेलं गाव. त्याची गोष्ट मात्र मुंबईत सुरू होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि ओडेसात जन्मलेले वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात लशीच्या कामाला लागले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली.

लोकांनी सुई आपलीशी करणं सोपं नव्हतं. प्लेगच्या नावाखाली सोजिरांनी पुण्यात घरं झडतीला घेतली होती. त्याच संतापातून १८९७ मध्ये रँडचा खून झाला. लसही त्याच सरकारची. तरी परळहून बाटल्या दूरदूर जाऊ लागल्या.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवालला पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली. त्यांतल्या ‘५३ एन’ क्रमांकाच्या बाटलीतून ज्यांना टोचलं, त्या १९ जणांना धनुर्वात होऊन ते सगळे मेले. बाकीच्या चार बाटल्यांनी कोणालाही धनुर्वात झाला नाही.

चौकशी आयोगाने दोष परळवर ठेवला. नव्या पद्धतीत हाफकिन यांनी लशीतलं कार्बॉलिक आम्ल वगळलं होतं, त्यामुळे संशयाला आधार मिळाला. त्यांना पदावरून दूर केलं गेलं. पंजाबातली लसीकरणाची मोहीम कोलमडली.

पण साक्षीच्या कागदांत एक साधी गोष्ट होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो कार्बॉलिकच्या पाण्यात बुडवला आणि त्यानेच बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय बाटली उघडल्यावर डॉक्टरांनी वास घेतला होता, दुर्गंधी नव्हती. हे जंतू परळपासूनच बाटलीत वाढत असते, तर ती घाण मारली असती. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनेही नंतर आयोगाचा निष्कर्ष उचलून धरला नाही. हे सगळं सरकारी दप्तरात होतं. सामान्य माणसाच्या कानावर मात्र एकच गोष्ट गेलेली होती: परळच्या लशीने माणसं मारली.

मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस यांनी हे कागद वाचले आणि लेखणी उचलली. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र आलं. त्यासाठी नवा प्रयोग करावा लागला नव्हता. हाताशी असलेला पुरावा त्यांनी वाचकाला आणि मंत्र्याला समजेल अशा रीतीने मांडला होता. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले आणि त्याच वर्षअखेरीस हाफकिन दोषमुक्त झाले. ते हिंदुस्थानात परतले, पण परळ त्यांच्याकडे पुन्हा आलं नाही. १९२५ मध्ये त्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं.

दुर्घटना आणि दोषमुक्ती यांच्यामधल्या पाच वर्षांत प्लेगने देशात लाखो माणसं नेली. हाताशी असलेल्या लशीवरचा डाग मात्र तसाच राहिला. तो पुसणारी माहिती कपाटात बंद होती. संशोधनाने उत्तर शोधून भागत नाही. ते गावच्या चावडीपर्यंत आणि सचिवाच्या टेबलापर्यंत कोणीतरी न्यावं लागतं. ते काम आमचं होतं.

आता अशी बातमी आली, की नव्या वार्ताहरांना मी आधी विचारायला लावतो: बाटली कोणी उघडली, कशाने उघडली, सोबतच्या बाटल्यांचं काय झालं? आणि बातमी पहिल्या पानावर गेली असेल, तर चौकशीचा निकालही तिथेच छापायचा, हे त्याच दिवशी ठरवून ठेवतो.