संविदा कायदा, भारतातील

संविदा कायदा, भारतातील : न्यायालयामार्फत ज्याची अंमलबजावणी करून घेता येते, अशा करारास ‘संविदा’ म्हणतात. खरेदी-विक्री, भागीदारी, अभिकरण इ. व्यापारी व्यवहारांच्या कायद्याचा हा पाया होय. पक्षांची मुक्त संमती व पात्रता, तसेच कायदेशीर प्रतिफल व उद्देश ही वैध संविदेची प्रमुख अंगे आहेत.

भारतात १७८१ च्या अधिनियमान्वये कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात संविदांच्या बाबतीत हिंदूंना हिंदू विधी आणि मुसलमानांना मुस्लिम विधी लागू करण्यात आला. हिंदू विधीतील दामदुपटीच्या नियमानुसार धनकोस एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नसे. १८५५ मध्ये व्याजदरावरील कायदेशीर मर्यादा रद्द झाल्या. मुंबई इलाख्यात दामदुपटीचा नियम मात्र टिकून राहिला. पुढे इंग्लंडमध्ये १८६१ साली नेमलेल्या तिसऱ्या विधी आयोगाच्या मसुद्याच्या आधारे भारतीय संविदा अधिनियम तयार झाला व तो १ सप्टेंबर १८७२ रोजी अंमलात आला.

स्वेच्छेने केलेला करार पाळलाच पाहिजे, हे या अधिनियमाचे मूलतत्त्व. तथापि दोन्ही पक्ष तुल्यबल नसल्यास संमती नावापुरतीच उरते, हे लवकरच दिसून आले. थकलेले व्याज मुद्दलात मिळवून सावकार नवे खत लिहून घेत. त्यामुळे दामदुपटीचे संरक्षणही निष्फळ ठरे. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी उठाव करून सावकारांची खते जाळली. त्यानंतरच्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाने खतातील मजकुरापलीकडे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. १८९९ च्या दुरुस्तीने संविदा अधिनियमातील गैरवाजवी दडपणाची व्याख्या सुधारण्यात आली. अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य असतो, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरी बीबी खटल्यात दिला.

मालविक्री व भागीदारी यांविषयीची प्रकरणे वगळून त्यांसाठी अनुक्रमे १९३० व १९३२ मध्ये स्वतंत्र अधिनियम करण्यात आले. दुर्बल पक्षाचा प्रश्न स्वातंत्र्योत्तर काळातही कायम राहिला. कर्मचाऱ्यास कोणतेही कारण न देता काढून टाकण्याची सेवासंविदेतील अट सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये लोकधोरणाविरुद्ध ठरविली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने ‘अनुचित संविदे’विरुद्ध दाद मागण्याची तरतूद केली. सहीमागील संमती खरी होती काय, हा १८७५ च्या खतांनी उपस्थित केलेला प्रश्न या कायद्याच्या विकासात सातत्याने केंद्रस्थानी राहिला आहे.