रॅपचा साचा आणि तो मोडणारे

श्रोतेहो, आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. वसंतातल्या व्यासपीठावर रॅपचे काय काम, हा प्रश्न रास्त आहे. पण हा विषय आम्ही शोधला नाही. तो आमच्या दारी चालून आला. आपल्याच गावच्या महाविद्यालयातील चार मुलगे आणि एक मुलगी मिळून स्नेहसंमेलनासाठी रॅपची एक चित्रफीत करणार आहेत. रॅप म्हणजे जाड सोनसाखळ्या, उंची मोटारी, शिव्या आणि शोभेपुरत्या उभ्या केलेल्या बायका, हा समज त्यांना मोडायचा आहे. त्यांनी आपला आराखडा आम्हाला वाचून दाखवला. नायक खोट्या साखळ्या घालून भाड्याच्या मोटारीवर ऐटीत बसतो आणि शेवटी त्या साखळ्या कचऱ्याच्या पेटीत टाकतो. गीत त्या मुलीने लिहिलेले, पहाटेच्या एस.टी.ने कॉलेजला येणाऱ्या मुलींविषयीचे. पण पडद्यावर ती कोठेच नाही. का, असे विचारता उत्तर आले, 'लोक काय म्हणतील?' तेव्हा आम्ही त्यांना जो इतिहास सांगितला, तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी नाचगाण्याचा एक कार्यक्रम झाला. सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घ्यायचे होते. पैसे उभे करण्यासाठी तिने हा घाट घातला. निमंत्रणे हाताने लिहिली होती. प्रवेशाला मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट पडत. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता. त्यालाच पुढे लोक डीजे कूल हर्क म्हणून ओळखू लागले. हे कुटुंब जमैकातून आलेले. गाण्यात गायन थांबून नुसता ताल उरतो, तेव्हा पोरे बेभान होऊन नाचतात, हे हर्कने हेरले. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी शेजारी लावून तो तेवढाच तुकडा लांबवू लागला. अशा तालावर शब्द बोलले जाऊ लागले, तेच रॅप. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख सांगतात. पुढे १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' ही तबकडी काढून रॅप दूरवर पोचवणारी निर्माती सिल्व्हिया रॉबिन्सन, हीही स्त्रीच. १९८२ च्या 'द मेसेज'मध्ये तर वैभवाचे नावही नव्हते. पडक्या वस्तीत जगणाऱ्यांची घुसमट होती.

मग साचा आला कोठून? एमटीव्ही ही संगीतवाहिनी १९८१ साली सुरू झाली. आरंभी तिच्यावर काळ्या कलावंतांना फार थोडी जागा होती. रॅपसाठी तिचा स्वतंत्र कार्यक्रम निघाला तो १९८८ साली. ऐकण्याची कला आता पाहण्याचीही झाली. क्षणात ओळख पटवायची तर ठळक खूण हवी, आणि साखळी ही सोयीची खूण होती. ती सर्वस्वी खोटी होती असे नव्हे. गरिबीतून वर आलेल्याने सोने मिरवावे यात नवल ते काय? आपल्याकडच्या लग्नमंडपात काय होते ते आपण जाणतोच. पण खूण बाजारात खपू लागली, की तिचा नियम बनतो.

तो नियम त्याच काळात काहींनी झुगारला. १९८९ साली डे ला सोल या त्रयीने 'मी मायसेल्फ अँड आय'ची चित्रफीत केली. ती घडते शाळेच्या वर्गात. इतरांसारखा वेष नाही म्हणून वर्ग या तिघांची टर उडवतो. त्याच वर्षी क्वीन लतीफा हिने लंडनच्या मोनी लव्हला सोबत घेऊन 'लेडीज फर्स्ट' गायिले. त्या चित्रफितीत हॅरिएट टबमन, सोजर्नर ट्रुथ अशा झुंजार स्त्रियांच्या तसबिरी आहेत आणि दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्याची दृश्येही आहेत. लतीफाने साखळीची थट्टा करण्यात वेळ दवडला नाही. ती स्वतः समोर उभी राहिली आणि बोलली.

डे ला सोलच्या वाट्याला मात्र एक विचित्र गोष्ट आली. फुलांची चित्रे आणि मोकळे कपडे पाहून लोकांनी त्यांनाच 'हिप्पी' ठरवले. त्यांना कंटाळून १९९१ साली पुढच्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ठेवावे लागले 'डे ला सोल इज डेड', आणि तिच्या वेष्टनावर आली फुलझाडाची उलथलेली कुंडी! म्हणजे साचा मोडायला निघालेल्यांचाही साचा होतो.

आम्ही मुलांना एवढेच म्हटले, "बाबांनो, तुमच्या आराखड्यात साखळीला आरंभ आहे आणि शेवटही आहे, जिने शब्द लिहिले तिला मात्र जागा नाही. मग मोडले ते काय?" मोटारीच्या भाड्याचीही गरज नाही. मुंबईत कुर्ल्याच्या नेझी या तरुणाने २०१४ साली आपले 'आफत' हे गाणे आयपॅडवरच मुद्रित केले आणि त्यावरच चित्रित केले. पोरांनी मोटार खोडली आणि एस.टी. स्थानक लिहिले. समोर कोण उभे राहणार, ही जागा अद्याप कोरी आहे. ती भरायची की नाही हे त्या मुलीने ठरवायचे. तिच्यावर आग्रह करण्याचा अधिकार आम्हाला नाही.

पण 'लोक काय म्हणतील' यातले लोक कोण, श्रोतेहो? ते आज या मंडपातच बसले आहेत. स्नेहसंमेलनाला ते येतील, तेव्हा त्यांनी काय म्हणायचे, हे त्यांनी आजच ठरवून ठेवावे.