साहेबाचे कट्टे आणि फुलचूरची गच्ची

ज्यांना हेडफोन लावायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना जिथे घसरलो होतो तेवढं सरळ केलंय, बाकी जसंच्या तसं.

ऑक्टोबर २०२४. दसऱ्याला पुण्याहून घरी, म्हणजे गोंदियाला खेटून असलेल्या फुलचूरला गेलो होतो. त्सुचिनशान-अ‍ॅटलास नावाचा धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता. मी २०×८० ची मोठी दुर्बीण घेतली होती. वीसपट मोठं दाखवणारी, ८० मिलिमीटरच्या दोन भिंगांची, वजन दोन किलोच्या वर. अख्खं बजेट काचेवर घातलं आणि स्टँड म्हणून माझा जुना कॅमेऱ्याचा ट्रायपॉड. गच्चीवर लावली, धूमकेतू सापडला, बाबांना हाक मारली. ते जिना चढून येईपर्यंत दुर्बिणीनं मान टाकली होती. पुन्हा उचलली, पुन्हा खाली. शेवटी बाबांनी ती हातातच धरली. दोन मिनिटांनी म्हणाले, "हे तं हालूनच राहिलं रे." मग धूमकेतू शेजारच्या घरांआड गेला, आणि दुसऱ्या दिवशी माझी गाडी होती. हा धूमकेतू काही आपल्या जन्मात परत यायचा नाही.

परतीच्या प्रवासात चिडून वाचत बसलो आणि एका भलत्याच गोष्टीत अडकलो.

२२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून शिरून महाराष्ट्र तिरका कापत गेली होती. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ इथे आले. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल, चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन. त्याच जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला.

इथे एक आडवाट. १८ ऑगस्ट १८६८ ला विजयदुर्गावरून लॉकियरनं हेलियम शोधला, हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. तो खरा नाही. त्या ग्रहणात लॉकियर भारतात नव्हताच. जॅन्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ आंध्रातल्या गुंटूरला होता, आणि लॉकियरनं त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गावर तो आला तीस वर्षांनी. किल्ल्यावर आजही लोक 'साहेबाचे कट्टे' दाखवतात. मला गंमत ह्याची वाटली की साहेब गेला, दुर्बिणी गेल्या, उरलं काय? स्टँड!

आता विदर्भात या. वर्ध्याहून बडनेऱ्याकडे जाताना पुलगाव आणि धामणगावच्या मध्ये तळणी नावाचं छोटं स्टेशन आहे. आमची गोंदियाची गाडी तिथूनच जाते आणि मी आजवर कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. १८९८ मध्ये ह्या तळणीला ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा तळ पडला होता. ही प्रामुख्याने हौशी लोकांची संस्था. त्यात होते वॉल्टर माँडर, जॉन एव्हरशेड (हेच पुढे कोडईकनालला आले), आणि माँडरांची बायको अ‍ॅनी.

अ‍ॅनीची गोष्ट ऐकाच. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकली, पण बाईला तेव्हा पदवी देत नसत. १८९१ मध्ये ग्रीनिच वेधशाळेत आकडेमोडीची नोकरी, महिना चार पौंड. १८९५ मध्ये लग्न झालं आणि नियमाप्रमाणे नोकरी सोडावी लागली. कॉलेजच्या अनुदानातून तिनं एक छोटा कॅमेरा करून घेतला. भिंग दीड इंचाचं, म्हणजे ३८ मिलिमीटर. माझ्या दुर्बिणीच्या एका डोळ्याच्या निम्म्याहून कमी! तळणीला खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात तिनं सूर्याच्या प्रभामंडळातला एक किरण टिपला, सुमारे ६० लाख मैल लांब. तोवर कुणाच्याच फोटोत एवढा लांब किरण आलेला नव्हता.

कसं जमलं? लहान, कमी लांबीचा कॅमेरा आकाशाचा मोठा तुकडा एका दमात घेतो, म्हणून सूर्यापासून दूर पसरलेला फिकट उजेडही चौकटीत बसतो. फक्त काच उघडी असेपर्यंत कॅमेरा हलता कामा नये. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं बायकांना फेलो करून घेतलं ते १९१६ मध्ये, आणि तेव्हा अ‍ॅनी फेलो झाली. तळणीनंतर तब्बल अठरा वर्षांनी.

मोठ्या दुर्बिणी वाईट असतात असं नाही हं. १९९६ मध्ये जपानच्या युजी ह्याकुताकेनं २५×१५० च्या दुर्बिणीतूनच त्याचा प्रसिद्ध धूमकेतू शोधला. पण १५० मिलिमीटरचं ते धूड कुणी हातात धरत नाही. आणि वीसपट मोठं दाखवणारी दुर्बीण हाताचा कंपही वीसपटच दाखवते, हे मला खरेदी करताना सुचलंच नाही. बीटेक करून.

आता घ्यायचीच असेल तर. भिंगाच्या व्यासाला मोठेपणानं भागा. ७×५० मध्ये सात मिलिमीटरचा प्रकाशझोत बाहेर पडतो, १५×७० मध्ये पावणेपाचच्या आसपास, माझ्या २०×८० मध्ये चार. अंधारात तरुण माणसाची बाहुली सातेक मिलिमीटर उघडते, साठीत पाचच्या आसपास. म्हणजे बाबांसाठी ७×५० घेतली तर बराच उजेड डोळ्याबाहेरच सांडणार. मला कुणी विचारलं तर मी १५×७० सांगतो, आणि पैसे आधी स्टँडला बाजूला काढायला लावतो. दुर्बीण आल्या दिवशी रात्री लांबच्या टॉवरचा लाल दिवा पाहा. एकाचे दोन दिसले तर दोन्ही नळ्या जुळलेल्या नाहीत, सरळ परत करा.

डोक्यावरचं आकाश बघायला मात्र साधा ट्रायपॉड, कितीही दणकट असला तरी, मान मोडतो. दिवाळीत मी गोंदियात एका वेल्डिंगवाल्या दादांकडून समांतरभुज चौकोनी स्टँड करून घेतला. चार दांड्या, कोपऱ्यांना बोल्ट, मध्ये नायलॉनचे वॉशर. दांडी वर-खाली केली तरी दुर्बिणीचा रोख बदलत नाही. त्यामुळे उंच बाबा आणि त्यांच्या खांद्याला लागणारी आई एकच तारा पाहू शकतात. दुसऱ्या टोकाला तोलायला वजन हवं होतं. बाबांच्या किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून पाच किलोचं लोखंडी वजन पडून होतं, तेच बांधलं.

गच्चीवर खाट टाकली, बाबांना आडवं केलं, कृत्तिका लावून दिल्या. नुसत्या डोळ्यांना सहा दिसतात तिथे हे डझनांनी चांदण्या. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आईले बोलाव." मी जिन्यापर्यंत गेलो तर मागून पुन्हा, "आन् वजनाले हात नको लावू."